आवडीचा पुरावा

गेल्या वर्षी कार्तिकाच्या तोंडावर मोपा येथे आमच्या वाड्यावर उत्सवाच्या तयारीची बैठक भरली होती. प्रश्न साधाच होता: पालखी देवळात परतल्यावर रात्रीचा कार्यक्रम कोणता ठेवावयाचा? तरुण मंडळींचे म्हणणे असे की, म्हापशाहून वाद्यवृंद आणावा. वडीलधाऱ्यांचे म्हणणे, आधी गायनी भजन आणि मग नाटक, आजवर चालत आले तसे. दोन्ही पक्षांनी आपल्या म्हणण्यास आधार मात्र एकच दिला: लोकांना हेच आवडते. तरुणांपैकी एक जण विमानतळावर नोकरीस आहे. त्याने खिशातून फोन काढला, त्या आठवड्यात सर्वाधिक ऐकल्या गेलेल्या पन्नास गाण्यांची यादी वाचून दाखविली आणि विचारले, "हो पुरावो पुरो न्हय?" वडीलधाऱ्यांजवळ कसलीही यादी नव्हती. तेव्हा सर्वांच्या नजरा आमच्याकडे वळल्या, कारण पुरावा म्हणजे वकिलाचा प्रांत अशी आमच्या गावाची समजूत आहे. आम्ही त्या रात्री निवाडा दिला नाही. परंतु तो प्रश्न मनात घर करून राहिला, आणि या अंकासाठी लेखणी उचलली तेव्हा दुसरे काही सुचेना. एखाद्या पिढीला कोणते गाणे आवडत होते, हे सांगण्यास साक्षीदार कोणाला बोलवावयाचे?

न्यायालयात आम्ही नित्य पाहतो की, जो साक्षीदार सर्वांत ठासून बोलतो, त्याला "हे तू स्वतः पाहिलेस काय?" असे विचारले म्हणजे तोच आधी अडखळतो. गाण्यांची यादी हाही एक साक्षीदारच होय. त्याचे वय फारसे नाही. अमेरिकेतील 'बिलबोर्ड' नियतकालिकाने दुकानांतून खपलेल्या तबकड्यांची पहिली क्रमवारी २७ जुलै १९४० च्या अंकात छापली. इंग्लंडात 'न्यू म्युझिकल एक्सप्रेस' या पत्राने तेच काम १४ नोव्हेंबर १९५२ रोजी केले. त्याची पद्धत मोठी घरगुती होती. वीसेक दुकानदारांस दूरध्वनी करावयाचा, काय खपले ते विचारावयाचे आणि बेरीज मांडावयाची. त्यानंतर पुरते तीन आठवडेही लोटले नाहीत तोच, ३ डिसेंबर १९५२ रोजी, रेडिओ सिलोनवरून अमीन सायानी यांची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. साप्ताहिक उतरंड तीत थोडी मागाहून आली. पण हिंदुस्थानातील गाण्यांच्या यादीचा जन्म मोजावयाचा तो तेथूनच.

या जन्मास एक मराठी गृहस्थ कारण झाले, हे पुष्कळांस ठाऊक नसते. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे १९५२ मध्ये केंद्रात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. चित्रपटगीतांनी जनतेची अभिरुची बिघडते अशी त्यांची प्रामाणिक धारणा होती, आणि तिला अनुसरून आकाशवाणीवरील चित्रपटगीतांना त्यांनी कात्री लावली. रागदारीला त्यांनी दिलेले उत्तेजन आम्ही नाकारीत नाही. तथापि लोकांनी काय ऐकावे हे दिल्लीने ठरविले, तेव्हा लोकांनी रेडिओचा काटा फिरवून कोलंबो लावले, आणि अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी 'विविध भारती' सुरू करून सरकारने ही गोष्ट मुकाट्याने मान्य केली. याच आकाशवाणीने १९४० पासून पेटीवरही बंदी घातली होती. ती १९७१ मध्ये सैल झाली. ज्या वाद्यावाचून पेडणे महालातले भजन उभे राहत नाही, दशावतार रंगत नाही आणि नाटकाची नांदी होत नाही, ते वाद्य तीन दशके देशाच्या नभोवाणीवर निषिद्ध होते! अभिरुचीचे रक्षण करणाऱ्यांची दृष्टी कित्येकदा इतकी दूरची असते की, पायाखालचे देऊळ तिला दिसत नाही.

आता उलटतपासणी. गीतमालेतील क्रम ठरे तो तबकड्यांच्या खपावरून आणि गावोगावच्या श्रोतासंघांनी पाठविलेल्या पत्रांवरून. म्हणजे ज्याच्यापाशी तबकडी घेण्याचे पैसे, किंवा पत्र लिहिण्याची हौस आणि टपालाची सोय, त्याचे मत मोजले गेले. अभ्रकाच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेले झुमरी तिलैया हे गाव फर्माइशींच्या पत्रांमुळे साऱ्या देशात नावारूपास आले. निव्वळ पत्रे मोजली, तर देशाच्या संगीताभिरुचीची राजधानी तेच गाव ठरेल. आणि पेडणे? १७८८ मध्ये सावंतवाडीकरांकडून पोर्तुगिजांकडे गेलेला हा महाल १९६१ पर्यंत त्यांच्याच हद्दीत होता. १५ ऑगस्ट १९५५ रोजी आमच्या शेजारच्या पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि पुढे सीमा जवळजवळ बंदच झाली. पलीकडे बांद्याला मिळणारे पोस्टकार्ड अलीकडच्या मोप्याच्या काय कामाचे? गीतमालेच्या भरभराटीच्या पहिल्या दशकात आमच्या तालुक्याचे एकही मत त्या यादीत पडले असेल, असे आम्हांस वाटत नाही.

पण पेडणेकर ऐकत नव्हते असे कोणी समजू नये. आमचे आजोबा सांगत की, वाड्यावर एकाच घरी परदेशी बनावटीचा, बॅटरीवर चालणारा रेडिओ होता, आणि बुधवारी रात्री त्या घराच्या सोप्यावर पाऊल ठेवावयास जागा नसे. त्याच रेडिओवर, दारे लावून आणि आवाज उतरवून, नोव्हेंबर १९५५ पासून गुप्त नभोवाणीचा 'गोंयचे सोडवणेचो आवाज'ही लोक ऐकत. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी सीमेलगतच्या रानातून चालविलेले ते केंद्र. एकाच यंत्रातून एकदा खुल्या दाराने गाणे आणि एकदा बंद दाराने स्वातंत्र्य, असे ते दिवस होते. आजोबांना गीतमालेतील गाण्यांचे क्रम अखेरपर्यंत पाठ होते. मात्र "तुम्हांला स्वतःला कोणते आवडे?" असे विचारले, की ते यादीतले एकही नाव न घेता एखादे नाट्यपद गुणगुणू लागत.

त्याचे कारण शोधावयास यादीच्या मागे जावे लागते. तबकड्या मोजल्या जाऊ लागण्यापूर्वी लोकप्रियतेचे माप मराठी रसिकांजवळ होतेच, आणि त्याचे नाव 'वन्समोअर'. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात रंगभूमीवर आले आणि दोन वर्षांनी 'सौभद्र' आले. त्या नाटकांत पदांची संख्या शंभराच्या वर. रात्री पडदा वर जावयाचा तो पहाट फटफटल्यावर खाली यावयाचा. 'मानापमान' १९११ चे, 'स्वयंवर' १९१६ चे. बालगंधर्वांच्या पदाला वन्समोअर पडला की, तेच पद नव्या अंगाने पुन्हा उभे राही. येथे मत देणारा आणि गाणारा समोरासमोर होते. मत दिल्यावर ते लागलीच पाळलेही जाई. निवडणुकीत असे घडल्याचे आमच्या तरी पाहण्यात नाही.

पुढे हीच पदे तबकडीवर आली तेव्हा अर्ध्या घटकेचा विस्तार तीन-साडेतीन मिनिटांत बसवावा लागला. अभिरुचीत जो पहिला मोठा पालट झाला तो येथे, आणि तो कोणाच्या मतामुळे नव्हे, तर लाखेच्या तबकडीवर मावेल तेवढ्याच गाण्यामुळे झाला. कान आखूड गाण्याला सरावले. १९४२ मध्ये रांगणेकरांचे 'कुलवधू' आले, तोवर नाटकातील पदे मोजकी आणि सुटसुटीत झाली होती. ती गाणाऱ्या ज्योत्स्ना भोळे या आमच्या गोमंतकातील बांदोड्याच्या. भावगीताचा तोच काळ.

गोमंतकातील देवालयांत मात्र नाटक रात्रभरचेच राहिले, कारण तेथे तिकीट नव्हते, आणि उत्तररात्री घरी परतण्यास वाहनही नव्हते. देवापुढे गावकऱ्यांनीच तोंडाला रंग फासून उभे राहावयाचे, ही चाल आजही मोडलेली नाही. पेडण्याची कोजागिरीची पुनव असो वा डिचोलीकडील जत्रा, संगीताचे पीठ म्हणजे देवळाचा चौक. आणि येथे एक गोष्ट आम्हांस बोललीच पाहिजे, कारण देवस्थानाशी संबंध असलेल्या वाचकांसमोर ती बोलली जात नाही. या चौकातील गाण्याचा पाया कोणी घातला? उत्सवात, पालखीपुढे, सभामंडपात पिढ्यानपिढ्या गायल्या त्या कलावंत स्त्रिया. रागाचे नाव ठाऊक नसलेल्या आमच्या पूर्वजांना सूर कोठे चुकला ते कळत असे, ते या स्त्रियांमुळे. देवाच्या सेवेच्या नावाखाली त्यांच्या वाट्याला जे जिणे आले, त्याला विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात समाजसुधारकांनी आणि कायद्याने आळा घातला, ते योग्यच झाले. पण त्या मुंबईस गेल्या आणि गायिका म्हणून नावाजल्या, तेव्हा मागे राहिलेल्या घरंदाज मंडळींनी आपल्या मुलींना त्या जागी उभे केले काय? नाही. गाणे ऐकावयाचे, गाणारीला मात्र उंबरठ्याबाहेर ठेवावयाचे, हाच शिरस्ता चालू राहिला.

पेडणे तालुक्यातील मालपे हे गाव हमरस्त्यावरून जाताना मागे पडते. तेथील अंजनीबाई मालपेकर, जन्म १८८३, भेंडीबाजार घराण्याच्या नझीर खाँसाहेबांकडे शिकल्या. १९५८ मध्ये संगीत नाटक अकादमीचे रत्नसदस्यत्व त्यांना मिळाले, आणि हा मान मिळालेल्या त्या पहिल्याच स्त्री होत. फोंडे महालातील केरीच्या केसरबाई केरकरांना १९६९ मध्ये, कुर्डीच्या मोगूबाईंना १९७४ मध्ये पद्मभूषण लाभले. केसरबाई तर नभोवाणीस आणि ध्वनिमुद्रणास शक्यतो दूर ठेवणाऱ्या. कोणत्याही साप्ताहिक यादीत त्यांचे नाव येणे शक्यच नव्हते. तरीही १९७७ मध्ये अमेरिकेने 'व्हॉयेजर' याने अंतराळात धाडली तेव्हा मानवजातीची ओळख म्हणून जी तबकडी त्यांत ठेवली, तीत केसरबाईंची भैरवी आहे. आम्ही आता या नावांचा अभिमान मिरवितो. मिरवावा, पण तो दिल्लीने आणि परदेशाने मोहोर उठविल्यानंतरचा अभिमान आहे, हे विसरू नये.

आमच्या आजीला गळा होता. फुगडीत आणि धालोत ती गाई, कारण तेथे बायकांनी गाणे शिष्टसंमत. नाट्यपदे ती फक्त जात्यावर म्हणत असे, जात्याची घरघर बाहेर आवाज जाऊ देत नसे म्हणून. एकदा आम्ही लहानपणी विचारले, "आजये, तूं देवळांत कित्याक गायना?" ती म्हणाली, "आमचें गाणें जात्यान आयकलें, तें पुरो." त्या उत्तरातील कडवटपणा कळावयास आम्हांस वयाची चाळिशी उलटावी लागली. आवडीच्या कोणत्या यादीत हे मत नोंदविले गेले असेल?

गंमत अशी की, यादीला उभे राहण्यास आधार दिला तो याच नाकारलेल्या गळ्यांनी. १९५३ या वर्षाचे गीतमालेतील पहिले गाणे म्हणून ज्याची नोंद आहे ते 'अनारकली' चित्रपटातील, सी. रामचंद्र यांनी बांधलेले आणि लता मंगेशकर यांनी गायिलेले. लताबाईंचे वडील मास्टर दीनानाथ मंगेशीचे, आणि दीनानाथांच्या मातुःश्री येसूबाई त्या देवालयाच्या गाण्याच्या परंपरेतल्या. सिलोनच्या यादीतील पहिला आवाज आमच्या देवळाच्या चौकातून निघाला होता, एवढाच याचा अर्थ. पेडणे तालुक्याची पोच आणखी एका मार्गाने लागते. आरोबा गावचे दत्ता नाईक लहान वयात मुंबईस गेले, सचिनदेव बर्मन यांचे साहाय्यक झाले आणि 'एन. दत्ता' या नावाने 'साधना' (१९५८) व 'धूल का फूल' (१९५९) या चित्रपटांना त्यांनी संगीत दिले. पुढे मराठीत 'मधुचंद्र', 'अपराध', 'बाळा गाऊ कशी अंगाई' हेही त्यांचेच. सोप्यावर दाटीवाटीने बसून ही गाणी ऐकणाऱ्यांपैकी कितीकांना ठाऊक होते की, हा संगीतकार नदीच्या अलीकडलाच, आपल्याच तालुक्यातला? आजोबांना ठाऊक नव्हते. आम्ही सांगितले तेव्हा त्यांनी काही वेळ विश्वासच ठेवला नाही.

यादीच्या साक्षीतील सर्वांत मोठी फट आम्हांस 'गीतरामायणा'पाशी दिसते. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीस, पुणे आकाशवाणीवरून त्याचा आरंभ झाला. ग. दि. माडगूळकरांची छप्पन्न गीते, सुधीर फडके यांच्या चाली, आणि ती सारी एका वर्षात. मराठी मुलखात त्या वर्षी याहून अधिक ऐकलेले आणि याहून अधिक गायिलेले दुसरे काही असेल, असे म्हणण्यास धाडसच हवे. गीतमालेत मराठी गाण्यांना स्थानच नसल्याने ते तेथे नाही, हे ओघानेच आले. पण विशेष असे की, आमच्या वाड्यावर ते आधी रेडिओतून पोचले नाही. आजोबांच्या सांगण्याप्रमाणे सावंतवाडीकडून आलेल्या एका हरिदासाने रामजन्माच्या कीर्तनात त्यातील गीत म्हटले, भजनी मंडळींनी ते उचलले, आणि पुढच्या एकादशीला ते गावाचे झाले. पेडण्यात गाणे लोकप्रिय झाले हे असे कळत असे. किती जणांनी ऐकले हे कोणी मोजीत नसे. किती जण म्हणू लागले ते मात्र कळे.

या कसोटीवर वडीलधाऱ्यांचीही तपासणी केली पाहिजे, नाहीतर आमचा निवाडा एकतर्फी होईल. बैठकीत एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले होते की, नव्या चाली देवळात आणणे म्हणजे बाटवाबाटवी. आम्हांस हे पटत नाही. 'मानापमाना'च्या चालींत गोविंदराव टेंब्यांनी पूरबी ठुमरीचा मालमसाला वापरला. ठुमरी कोणत्या दालनांतून आली ते येथे सांगावयास नको. 'स्वयंवरा'त भास्करबुवा बखल्यांनी ख्याल आणले. ती पदे नाटकातून भजनात आली, अभंगाला जडली, आणि आज तीच जुनी आणि सोवळी ठरली आहेत. मंगेशीच्या पुजारी घराण्यातील जितेंद्र अभिषेकी यांनी 'मत्स्यगंधा' (१९६४) आणि 'कट्यार काळजात घुसली' (१९६७) या नाटकांना संगीत दिले, तेव्हा हे नाट्यसंगीत नव्हेच असे म्हणणारे होतेच. दहा वर्षांच्या आत डिचोली-पेडण्यातील प्रत्येक भजनी मेळ अभिषेकींच्या चालीत अभंग म्हणू लागला. कला अकादमीच्या भजन स्पर्धेस शिरगावच्या मनोहरबुवांचे नाव आहे. त्या स्पर्धेत परीक्षक गुण देतात, क्रम लावतात, म्हणजे तीही एक यादीच. पण तीत नाव लावावयाचे तर वर्षभर पेटीपाशी बसावे लागते.

ध्वनिफितींचा काळ आम्ही स्वतः पाहिला. १९८० नंतर स्वस्त फिती गावोगाव आल्या, देवळाच्या शिखराला कर्णे लागले, आणि प्रथमच असे झाले की, पहाटेच्या काकडआरतीस कोणी न गाताही देवळात गाणे वाजू लागले. गीतमाला १९८९ मध्ये विविध भारतीवर आली आणि १९९४ मध्ये थांबली. आम्ही शाळकरी वयात तिची शेवटची काही वर्षे ऐकली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सायानी निवर्तले तेव्हा घरचेच कोणी गेल्यासारखे वाटले. आता फोनमधील यादी. तीत तीस सेकंद गाणे चालले की 'ऐकले' अशी नोंद होते. आमच्या न्यायालयात तीस सेकंद उभा राहिलेला साक्षीदार कोणी गृहीत धरणार नाही. तरी या यादीचे एक श्रेय मान्य केले पाहिजे: मोप्याच्या सड्यावर बसलेल्या मुलाचेही मत आता तीत पडते. त्याच्या पणजोबांचे मत पडत नव्हते. त्याने ती यादी पुरावा म्हणून पुढे केली, यात त्याची चूक नाही. तो पुरावा ऐकण्याचा होता, आणि बैठकीपुढील प्रश्न गाण्याचा होता, एवढेच.

आम्ही असा अभिप्राय कळविला की, जे कोणी गाणार असतील त्यांनी कार्यक्रम ठरवावा. बाहेरून वाजविणारे आणावयाचे तर देवळाच्या पैशाने नको. आणि चौकात बायकांनी गाण्यास मज्जाव करणारा ठराव देवस्थानाच्या दप्तरी कोठे असल्यास तो आम्हांस दाखवावा. तसा ठराव कोणी दाखवू शकले नाही.

उत्सवाच्या रात्री गायनी भजन झाले. तिसरा अभंग विमानतळावरील त्या मुलाच्या धाकट्या बहिणीने म्हटला, पेटीवर तो स्वतः. चाल अनोळखी होती, उडती, मध्येच कोमल निषादावर रेंगाळणारी. खांबाला टेकून बसलेल्या त्याच ज्येष्ठ गृहस्थांनी हात वर करून ती पुन्हा म्हणावयास लावली, आणि दुसऱ्यांदा संपल्यावर मोठ्याने विचारले, "ही चाल खंयच्या नाटकांतली गो?" मुलगी भावाकडे पाहू लागली. त्याने काही न बोलता भाता ओढला आणि पुढच्या अभंगाची पट्टी धरली.